भिंतीमागचं वावर

जिनाची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, दक्षिणेकडची भिंत माघ-फाल्गुनात लाल दिसायची. रंग कुणी दिला नव्हता. तांबडे ढेकूण एकाला एक चिकटून बसलेले असायचे. माणसाचं रक्त पिणारे हे ढेकूण नव्हेत. सरकीत सोंड खुपसून तेल पितात ते, आणि सरकीचा डोंगर भिंतीच्या आत होता, म्हणून त्यांचा मुक्कामही तिथेच. भाकरी सोडली की भाकरीवर, लुगडं वाळत घातलं की लुगड्यावर. नवीन होते तेव्हा मी किंचाळायचे. पुढे किळस गेली आणि नुसता कंटाळा राहिला. माणूस कशालाही सरावतं म्हणतात, ते खरं आहे. सरावल्यावरही थकवा जात नाही, एवढं सांगायचं लोक विसरतात.

आमचं गाव कळंबहून राळेगावकडे जाताना लागतं. धम्मदीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी सून म्हणून तिथे आले. माहेरी सातवी पास झाले होते. त्या सातवीचा सासरी उपयोग एवढाच झाला, की जिनाच्या फाटकावर काय लिहिलंय ते मी सासूला वाचून दाखवलं. ‘आत विडी ओढू नये’ असं लिहिलं होतं. सासू म्हणाली, “एवढं तं मले न वाचताबी मालूम होतं.”

घरात तीनच माणसं. नवरा जिनात रुईच्या गाठी उचलायचा. सासू कवडीच्या ओळीत बसायची. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. गाडीतून उतरलेला कापूस रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, चढायच्या आधी बायांनी त्यातली कवडी हातानं वेचून बाजूला काढायची. छपराखाली ओळीनं बसायचं, पुढ्यात कापसाचा ढीग, तोंडाला पदर. संध्याकाळी बाया उठल्या की भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या.

सासूला खोकला होता. कोरडा, खालून वर येणारा, एकदा लागला की तिला वाकवूनच थांबणारा. हंगाम सुरू झाला की सुरू आणि मृग लागला की कमी. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाठीला नळी लावली आणि औषध न देता सांगितलं, “या बाईंचं जिन सोडवा.” नवरा तेव्हापासून त्या एका वाक्याला धरून बसला. आईचं जिन सोडवायचं. पण कसं? पोट जिनावर होतं.

मग त्यानं वावर धरलं. जिनाच्या भिंतीमागचा लांबट तुकडा, गावातल्या एका शेतकऱ्याचा, बटईनं. म्हणजे राबायचं आम्ही आणि पीक अर्धं-अर्धं. पऱ्हाट्या मात्र, म्हणजे कापूस निघून गेल्यावर उरणारी वाळकी झाडं, रीतीप्रमाणे राबणाऱ्याच्या. त्या तुकड्याला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तो आम्हाला मिळाला. जिनाच्या सावलीतल्या कापसाला बोंडअळी जास्त, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सासूलाही ठाऊक होतं.

“तठचा कापूस म्या उभी जिंदगी निवडला,” ती नवऱ्याला म्हणाली. “अर्धी कवडी असते बाप्पा त्याच्यात.”

“पण वावर तं हाये ना, माय,” तो म्हणाला. “एक साल चांगलं पिकलं का तुहं जिन बंद.”

वावर तं हाये ना, या बोलण्याला आमच्या वस्तीत उत्तर नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत आलेली माणसं आम्ही.

त्या जिनानं भोवताली आपलं एक वेगळंच राज्य वसवलं होतं, हे वावरात राबायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं. गावाच्या दुसऱ्या अंगाच्या शेतात जे किडे दिसत ते इथे कमी आणि जे तिकडे शोधावे लागत ते इथे पायलीनं. सरकीच्या ढिगाला तांबडे ढेकूण. ओल्या कवडीला बारीक तपकिरी भुंगे. जिनात वीज आल्यावर भिंतीवर दिवे लागले आणि दिवेलागणीला त्यांच्याभोवती राखेच्या रंगाची बारकी पाखरं फिरायची. त्यांना खायला पाली आणि बेडूक, आणि दिवसा तारेवर कोतवाल पक्षी. वाया काही जात नव्हतं, सगळे पोटभर जेवून होते. उपाशी तेवढी भिंतीमागची पऱ्हाटी, आमचं कपाशीचं उभं पीक.

पहिल्या वर्षी ती कमरेच्या वर आली, पिवळ्या फुलांनी भरली आणि मग फुलं उमलेनाशी झाली. पाकळ्या पीळ घातल्यासारख्या मिटून बसायच्या. त्याला डोमकळी म्हणतात. उलगडून पाहिली की आत अळी. पुढे बोंडं धरली, ती एका अंगानं उघडायची आणि दुसऱ्या अंगानं काळी पडायची. पहिल्या वेच्याच्या दिवशी शेजारच्या वावरातल्या बायांनी सीतादही केलं, दहीभात वावराच्या कोपऱ्यात ठेवला. आम्ही ते सगळं दीक्षेबरोबर सोडलं होतं. सासू वेचायला वाकली आणि एवढंच म्हणाली, “चाल वं, हात चालव.”

वावराच्या मालकाची गाडी दोन्ही वाट्यांचा कापूस एकदमच जिनात घेऊन गेली, आणि तो ढीग नेमका सासूच्या ओळीपुढे रिकामा झाला. बाया हसल्या.

“घ्या मावशी, तुमच्याच घरचं आलं. आता लाडानं निवडा.”

तिनं निवडला. मी भाकरी घेऊन आले होते, तिच्या शेजारी बसून पाहत होते. परक्याच्या कापसात पिवळट बोंड दिसलं तर कधीमधी ती कानाडोळा करायची, सगळ्याच करायच्या. या ढिगात तिनं एकही कवडी आत जाऊ दिली नाही. कवडीचा ढीग चांगल्या कापसाएवढा झाला. मला तिचा राग आला. आपल्याच घराला इतकं कठोर कशाला व्हायचं, असं वाटलं. तेवढ्यात तिला खोकला लागला आणि मी पाणी आणायला उठले.

माघात आम्ही पऱ्हाट्या उपटल्या. त्या वावरातून अर्धा वाटा न पडता पूर्ण आमचं असं एवढंच निघालं होतं. घरामागे जागा नव्हती, म्हणून सासूनं वावराच्याच कोपऱ्यात, जिनाच्या भिंतीला टेकून गंजी रचली. अशी रचली की भिंत बांधणाऱ्या गवंड्यानं मान डोलवावी. बुडखे एका बाजूला, शेंडे एका बाजूला, वर तुरीच्या तुराट्या, पावसासाठी पळसाची पानं. साऱ्या जन्मात तिनं जळण दुसऱ्याच्या बांधावरून मागून आणलं होतं, कधी न मागता आणून शिव्या खाल्ल्या होत्या. आता तिच्या नावाची गंजी उभी होती. जिनातून परतताना ती वाट वाकडी करून गंजीपाशी जायची, एखादी काडी आत ढकलायची. आम्ही तिला चिडवायचो, की म्हातारीला दुसरा लेक झाला.

फाल्गुनात गावातली पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत आली. त्यांनी गंजीतल्या पऱ्हाट्या मागितल्या. भांडायला आली नव्हती, रीतीनं मागत होती. पूर्वी आमच्या वस्तीतूनही लाकडं जायची, आणि होळी पेटल्यावर आम्हाला लांब उभं राहावं लागायचं. सासू गंजीसमोर उभी राहिली.

“आमची होळी बंद झाली, बाप्पा. गंजीतली काडीबी भेटनार नाही.”

पोरं गेली. त्या संध्याकाळी ती ताठ चालत घरी आली. मला तिचा अभिमान वाटला, आणि आज इतक्या वर्षांनी सगळं समजल्यावरही वाटतो.

चैत्रात ग्रामसेवक आला. तरुण, सायकलवरून फिरणारा, बोलायला सरळ. त्यानं जिनाच्या ओट्यावर सगळ्या बायांना बसवून एक सरकी फोडून दाखवली. खरं तर त्या दोन सरक्या होत्या, एकीला एक चिकटवलेल्या, आणि मधल्या पोकळीत शेंदरी अळी निजलेली. “पाऊस पडेपर्यंत ही अशीच झोपते,” तो म्हणाला. “मग पाखरू होऊन भिंतीपलीकडे जाते. वैशाखाच्या भर दुपारी सरकी पातळ पसरा, उलटवा, पुन्हा तापवा. आत आहे तिथे मरेल.”

सरकी उन्हात घालायची रीत जिनात आधीपासून होती, उन्हाळ्यात तेवढ्या कामाला मीही जायचे. सकाळी पसरायची आणि ऊन चढलं की मुकादम हाक द्यायचा, “ढीग करा, बाया, अन्‌ सावलीत जा.” मुकादम वाईट माणूस नव्हता. ओटा फरशीचा, बाया अनवाणी, पायानंच सरकी चाळवायची. त्याला दया यायची. ढिगाच्या पोटात सरकी थंड राहायची आणि अळीही आमच्यासारखीच दुपारची सावलीत निजायची. त्या जिनात बायांवर जी एवढीशी दया होती, तिच्यावर ती अळी पोसली जात होती. हे मला त्या दिवशी समजलं आणि वाटलं, की आता आमची ती सावलीही जाणार.

जिनाच्या मालकाला सरकी उलटवण्यापेक्षा पावडर सोपी वाटली. त्यानं गॅमेक्सिनची पोती आणली आणि भिंतीवर, ढिगांवर फडक्यात बांधून झटकून घेतली. घसा जळायचा. तांबडे ढेकूण सुपानं भरावेत असे पडले, आणि त्यांच्याबरोबर कोळी पडले, ठिपक्यांचे लाल चित्रकिडे पडले, कडुनिंबावरचं मोहोळ ओस पडलं. सरकीच्या आत दार लावून निजलेल्या अळीला मात्र पावडर पोचलीच नाही. मेलं ते सगळं बाहेर राहणारं. पुढच्या पावसाळ्यात आमच्या भिंतीकडच्या तासांवर, म्हणजे पिकाच्या ओळींवर, मावा एवढा चढला की पानं चिकट झाली, कारण मावा खाणारे चित्रकिडेच उरले नव्हते. ग्रामसेवकानं मालकाला तेव्हाच सांगितलं होतं, पण पोती आधीच विकत घेऊन झाली होती.

पावडरीनं अळी मरत नव्हती, म्हणून सासू त्याच वैशाखात ओट्यावर उभी राहिली. मुकादमानं हाक दिली, बाया सावलीत गेल्या, आणि ती पायांना तरटाचे तुकडे बांधून सरकी पसरत राहिली. मला ते आवडलं नाही, खोटं कशाला बोलू? पण सासू उन्हात आणि सून सावलीत, हे वस्तीनं जन्मभर ऐकवलं असतं. मीही तरट बांधलं.

एक बाई सावलीतून म्हणाली, “तुह्या वावरासाठी आमी काहून भाजून घ्यावं वं?”

तिचं बोलणं खोटं नव्हतं. सासू म्हणाली, “नोको येऊ. मी तुले बलावून राह्यली का?”

तरटातूनही फरशी पोळायची. डोळ्यांपुढे पिवळं यायचं. पण तिसऱ्या प्रहरी पाहिलं तर तापलेल्या सरकीतून अळ्या बाहेर आल्या होत्या, वळवळून वाळल्या होत्या, आणि साळुंक्या ओट्यावर उतरून त्या टिपत होत्या. ते पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी चार बाया न बोलावता आल्या. नाही म्हणणारी तीही त्यांत होती. “आता तुहं ऐकून राह्यलो, तं तुह्या वावरातली वांगी दे,” असं म्हणाली, आणि सासूनं पुढे ती दिली.

जिनाचा हंगाम आवरताना ग्रामसेवक वावर पाहायला आला. सरकीचं ऐकून खूश होता. मग त्याला गंजी दिसली. त्यानं एक पऱ्हाटी ओढली, शेंड्याचं न उमललेलं काळं बोंड फोडलं आणि तळहातावर धरलं. आत तीच शेंदरी अळी होती.

“बाई, पावसाच्या आत ही गंजी जाळून टाका.”

सासूचा चेहरा बदलला. “जाळा? माह्या वावरात होळी कराले सांगून राह्यले का तुमी?”

“होळी नाही हो. जाळायची फक्त. कधीही जाळा.”

“होळीले नाही देल्ली म्हून आता असं. कोनं सांगतलं तुमाले?”

त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. तो बिचारा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला, मी नवऱ्याकडे पाहिलं, नवरा जमिनीकडे. तिला त्या जाळण्यात गावाची होळीच दिसली. आणि ती दिसली नसती तरी तिनं ऐकलं असतं का? पावसाळ्याची चूल, पहिलीवहिली स्वतःची गंजी. ग्रामसेवक “बघा बाई, तुमचंच नुकसान” म्हणून सायकलवर बसून निघून गेला. नवरा म्हणाला, “सरकी तं भाजली ना आपन. तेवढ्यानं होईन.” मलाही तसंच वाटलं. इतके पाय भाजल्यावर माणसाला वाटतंच, की पुरेसं झालं असेल.

दुसऱ्या वर्षी पीक चांगलं उभं राहिलं. मावा आला, तो पावसाच्या सरींनी धुतला गेला. फुलं लागली. सासू रोज सकाळी भिंतीकडच्या तासांत जाऊन फुलं पाहायची, कारण अळी येणार ती जिनातून, भिंतीवरून. तिकडची फुलं उमललेली होती. ती मला हाक मारून दाखवायची. ते दिवस आमच्या घरात बरे गेले. नवरा म्हणायचा, या हंगामात माय घरी. ती लटक्या रागानं म्हणायची, “घरी बसून काय करू, तुमचे तोंडं पाहू?”

मग एका सकाळी कोपऱ्यात, गंजीजवळ, डोमकळ्या दिसल्या. दोनचार नव्हेत. गंजीला लागून असलेली झाडं पहिली भरली, मग त्यांच्या पुढची, मग त्यांच्याही पुढची. दिव्याचा उजेड जसा जवळ जास्त आणि लांब कमी पडतो, तशी अळी गंजीपासून पसरली होती. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, ऐन जिनाखाली, फुलं अजून चांगली होती. सासू मधोमध उभी राहिली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. अडाणी बाई होती, पण ते वाचायला तिला माझी सातवी लागली नाही.

“जिनातून नाही आली वं,” ती म्हणाली. “माह्या घरातून आली.”

मी म्हणाले, “आत्याबाई, आपल्याले काय मालूम होतं?”

“मालूम होतं. त्यानं हातावर धरून दाखवलं होतं.”

त्या हंगामात ती पुन्हा कवडीच्या ओळीत बसली. या खेपेला बाया हसल्या नाहीत. पहिल्या वर्षीची होळीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ज्यांच्या पऱ्हाट्या होळीत गेल्या त्यांची वावरं जास्त चांगली निघाली, असं कुणीतरी पाणवठ्यावर बोललंही. खरं की खोटं, मला माहीत नाही. खरं असेल तर मला त्याचा संताप येतो. एका जागी ताठ उभं राहावं तर दुसऱ्या जागी त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजायला पुन्हा त्याच माणसानं पुढे व्हायचं.

माघात पऱ्हाट्या उपटल्या आणि जुन्या गंजीवरच टाकल्या. होळी आली आणि गेली, पोरं या वेळी आली नाहीत. सासूनं गंजीला हात लावला नाही. चौदा एप्रिलची जयंती झाली, पंचशील म्हणून झालं, मिरवणूक झाली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ती एकटी वावरात गेली आणि तिनं नवी-जुनी सगळी गंजी पेटवली. मी धावत गेले तोवर ज्वाळा जिनाच्या भिंतीएवढ्या झाल्या होत्या, आणि जिनातली माणसं रुईच्या भीतीनं पाण्याच्या बादल्या घेऊन भिंतीवर चढली होती. मुकादम ओरडत होता. ती त्याला म्हणाली, “होळी नाही जी. किडा जाळून राह्यली.” त्या पावसाळ्यात आम्ही गोवऱ्या आणि ओल्या काट्यांवर स्वयंपाक केला. धुरानं तिचा खोकला पावसातही थांबला नाही, तो पहिलाच पावसाळा.

तिसरं पीक पांढरं आलं. अळी संपली नव्हती, ती संपत नसते, पण हरभऱ्यात खडे असावेत तेवढीच उरली. नवऱ्यानं मुकादमाला जाऊन सांगितलं, की माय आता येणार नाही. मुकादम म्हणाला, बरं झालं. आणि मग म्हणाला, तिची जागा सुनेला देतो, सोमवारपासून पाठव. नवरा घरी येऊन चुलीपाशी बसला. अर्ध्या वाट्याचा कापूस आणि गाठी उचलायची मजुरी यांवर घर चालणार नव्हतं, हे आम्हाला आधीही ठाऊक होतं. एक साल चांगलं पिकलं की झालं, असं म्हणत आम्ही इतकी वर्षं ते झाकून ठेवलं होतं. मीच म्हणाले, “जातो मी. एक हंगाम.”

सोमवारी सासूनंच मला तोंडाला पदर कसा बांधायचा ते शिकवलं. दुपारी भाकरी घेऊन फाटकाशी आली. मी खायला बसले, पहिला घास घेतला आणि मला ठसका लागला. साधा, धुळीचा. पाणी प्याल्यावर गेला. ती माझ्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर तिचं अंथरूण रिकामं होतं. जिनात गेले तर ती ओळीत, आपल्या जुन्या जागी, पुढ्यात ढीग घेऊन बसली होती.

“उठा, आत्याबाई,” मी म्हणाले. “सगळं कायले केलं मग आपन?”

“तू वावरात जा,” ती म्हणाली. “पांढरा कापूस हाये. माह्या हातानं कवडीच निवडल्या जाते.”

मी तिचा हात धरून ओढलं. तिनं सोडवून घेतला. मुकादम म्हणाला, कुणीतरी एक बसा, गाडी खोळंबलीये. मी वावरात गेले. चिडून, रडत, भराभरा वेचत राहिले. ओटीत एकही किडकं बोंड आलं नाही. भिंतीपलीकडे रेचे चालू होते, त्यांचा घरघराट होता, आणि त्यातूनही तिचा खोकला मला नीट ऐकू येत होता.